हॅरी पॅच : एका नळकारागिराची युद्धसाक्ष

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वेल्स या लहानशा नगरीत २५ जुलै २००९ रोजी हेन्री जॉन पॅच हे गृहस्थ वयाच्या १११ व्या वर्षी निवर्तले. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांतून प्रत्यक्ष लढलेला अखेरचा ज्ञात सैनिक काळाच्या पडद्याआड गेला, अशा शब्दांत देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी हे वर्तमान छापले आणि ‘शेवटचा टॉमी’ हे बिरुद त्यांच्या नावास कायमचे जोडले गेले. या बिरुदातील दोन्ही शब्द तपासून घेण्याजोगे आहेत. ‘टॉमी’ हे ‘टॉमी ॲटकिन्स’ या नावाचे संक्षिप्त रूप. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश युद्धखात्याने शिपायांच्या हिशेबाचे नमुनेदार कागद छापले, त्यांत नावाची रिकामी जागा भरून दाखविण्यासाठी हे कल्पित नाव घातलेले आढळते. अर्थात ‘टॉमी’ म्हणजे कोणीही, अमका-तमका शिपाई. मराठीत गोऱ्या शिपायाला ‘सोजीर’ म्हणत. तो शब्द इंग्रजीचा अपभ्रंश खरा, पण त्यात निदान पाहणाऱ्याची दृष्टी तरी आहे. ‘टॉमी’मध्ये तीही नाही. ‘शेवटचा’ या शब्दाने तर त्या मनुष्याविषयी काहीच कळत नाही. बाकीचे सारे मरण पावले, एवढाच त्याचा अर्थ.

पॅच यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर एक विलक्षण विषमता नजरेस येते. आघाडीवर ते चार महिन्यांहूनही कमी काळ होते. नळकारागिराचा व्यवसाय त्यांनी जवळजवळ अर्धे शतक केला. युद्धाविषयी त्यांनी ऐंशी वर्षे मौन पाळले आणि अखेरच्या अकरा वर्षांत त्याविषयी ते बोलले. या अकरा वर्षांच्या बोलण्यावरच त्यांची कीर्ती उभी आहे. तेव्हा इतक्या उशिरा दिलेल्या साक्षीचे मोल काय, आणि ज्यांनी ती मागितली व ज्याने ती दिली त्या दोघांना तिच्यातून एकच गोष्ट हवी होती काय, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास अगत्याचे आहे.

पॅच यांचा जन्म १७ जून १८९८ रोजी बाथ शहरानजीकच्या कूम डाउन या गावी झाला. हे गाव दगडाच्या खाणींचे. बाथमधील पिवळसर दगडाच्या सुप्रसिद्ध इमारतींना येथील खाणींनी दगड पुरविला. वडील पाथरवट होते. हॅरी यांनी १९१३ साली शाळा सोडली आणि बाथमध्ये एका प्लंबराकडे उमेदवारी धरली. ‘प्लंबर’ हा शब्द लॅटिनमधील ‘प्लुंबुम्’ म्हणजे शिसे यापासून आला आहे. गवंड्याच्या ओळंब्याचे इंग्रजी नावही त्याच धातूवरून पडलेले. मराठीने हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि ‘नळवाला’, ‘नळकारागीर’ ही नावे मागे पडली. पण त्यामुळे मूळ व्यवसायाचे स्वरूप आपल्या ध्यानात येत नाही. त्या काळचा प्लंबर हा प्रथमतः शिशाचे काम करणारा कारागीर होता. शिशाचे पत्रे ठोकून छपराच्या पन्हळी बसविणे, शिशाच्या नळ्या वाकविणे, त्यांना डाग देऊन त्या सांधणे हे त्याचे कसब. आणि हे कसब हाताला येण्यास वर्षे लागत. पॅच यांची उमेदवारी पुरी होण्याआधीच त्यांच्यावर लष्करात जाण्याची पाळी आली.

ते स्वेच्छेने गेले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व बोलण्याचा पाया आहे. थोरले बंधू विल्यम हे पलटणीत होते आणि माँसच्या लढाईत जखमी झाले होते. त्यांच्याकडून खंदकातील जिण्याचे जे वर्णन घरात आले ते ऐकल्यावर धाकट्याला युद्धाचे आकर्षण वाटण्याचे कारण उरले नाही. ब्रिटनमध्ये १९१६ च्या आरंभी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पॅच यांना अठरा वर्षे पुरी झाली आणि ऑक्टोबरात बोलावणे आले. शिक्षण संपल्यावर १९१७ च्या जूनमध्ये ते फ्रान्सला पोहोचले. ड्यूक ऑफ कॉर्नवॉल लाइट इन्फंट्रीच्या सातव्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली. मध्यंतरी काही काळ त्यांना लान्स कॉर्पोरलचा हुद्दा मिळाला होता. पण बूट चोरणाऱ्या एका शिपायाशी मारामारी केल्याने तो काढून घेण्यात आला. शौर्यगाथेत न शोभणारी अशी ही गोष्ट त्यांनी म्हातारपणी मोकळेपणाने सांगितली. तिच्यामुळे बाकीच्या कथनाची विश्वसनीयता वाढते, असे म्हणावयास हरकत नाही.

पलटणीत ते लुईस गनच्या तुकडीत दाखल झाले. लुईस गन ही सुमारे तेरा किलो वजनाची हलकी मशीनगन. तिच्या माथ्यावर गोल थाळीसारखी काडतुसांची चकती बसे आणि एका चकतीत ४७ काडतुसे मावत. तुकडी पाच जणांची. पहिला गडी बंदूक चालवी. दुसरा तिच्या सुट्या भागांची पिशवी वाही, चकत्या बदली आणि बंदूक अडली तर ती जागच्या जागी दुरुस्त करी. उरलेले तिघे दारूगोळा वाहून आणीत. पॅच हे दुसरे गडी होते. धातूचे लहान भाग हाताने ओळखणे, कोठे काय अडले आहे ते नेमके हेरणे, ही त्यांच्या उमेदवारीतील कामे येथे उपयोगी पडली असावीत. या पाच जणांनी आपसात एक करार केला होता असे पॅच यांनी सांगितले आहे : टाळता येईल तोवर शत्रूला जिवे मारावयाचे नाही, नेम धरावयाचा तो पायांवर.

ईप्रची तिसरी लढाई ३१ जुलै १९१७ रोजी सुरू झाली आणि १० नोव्हेंबरपर्यंत चालली. पॅशेंडेल या गावाच्या नावानेच ती लोकांच्या स्मरणात राहिली आहे. फ्लँडर्सच्या सखल भूमीतील पाण्याचा निचरा करणारे चर आणि नाले तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले आणि त्यात ऑगस्टचा पाऊस कोसळला. त्यामुळे माणसे व जनावरे बुडावीत असा चिखल सर्वत्र माजला. ब्रिटिश बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे अडीच लाख होतात. १६ ऑगस्ट रोजी लांगेमार्कवरील हल्ल्यात पॅच यांची पलटण स्टीनबेक नावाचा ओढा ओलांडून पुढे गेली. या मोहिमेतील दोन प्रसंग त्यांनी पुढे पुन:पुन्हा सांगितले. वाटेत कॉर्नवॉलचा एक तरुण शिपाई पडला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत त्याचे शरीर फाटले होते. मला गोळी घाला, अशी त्याने विनवणी केली. परंतु कोणी काही करण्याच्या आधीच आईला हाक मारून त्याने प्राण सोडला. दुसरा प्रसंग एका जर्मन शिपायाचा. संगीन रोखून तो तुकडीवर धावून आला. पॅच यांच्या हाती रिव्हॉल्व्हर होते. पहिली गोळी त्यांनी त्याच्या खांद्यावर घातली. बंदूक हातून गळली तरी तो येतच राहिला. तेव्हा पुढच्या दोन गोळ्या घोट्याच्या व गुडघ्याच्या वरच्या भागावर मारून त्यांनी त्याला खाली पाडले. छातीचा नेम सोपा होता. तुकडीचा करार मात्र पाळला गेला.

२२ सप्टेंबरच्या रात्री तुकडी पुढील रांगेतून मागे परतत असता डोक्यावर तोफगोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघे जागच्या जागी नाहीसे झाले. पुरावयास देह उरला नाही. पॅच यांच्या जांघेत गोळ्याची किरच घुसली. भूल देण्याचे औषध शिल्लक नव्हते. चौघांनी धरून ठेवले आणि डॉक्टरांनी ती किरच काढली. आपले तीन सोबती गेले हे त्यांना मागाहून कळले. त्या प्रदेशात १६ ऑगस्ट १९१७ पासून पुढे बेपत्ता झालेल्या सुमारे ३५,००० ब्रिटिश सैनिकांची नावे टाइन कॉट येथील दफनभूमीच्या भिंतींवर कोरलेली आहेत. पॅच यांना मात्र ते सोबती कोरीव नावांनी नव्हे, तर तुकडीत चालणाऱ्या टोपणनावांनी आठवत. डिसेंबरात ते इंग्लंडला परतले. तहनामा झाला तेव्हा आइल ऑफ वाइट बेटावर होते.

पुढील आयुष्य युद्धकथेच्या दृष्टीने रिकामे. म्हणूनच बहुतेक चरित्रलेखांत ते दोन-चार ओळींत उरकलेले दिसते. वस्तुतः या माणसाचे आयुष्य येथेच आहे. १९१९ साली त्यांनी विवाह केला आणि हत्यारांची पिशवी पुन्हा खांद्याला लावली. ब्रिस्टल विद्यापीठाची विल्स स्मारक इमारत त्या सुमारास उभी राहत होती. तंबाखूच्या व्यापारात गबर झालेल्या विल्स घराण्यातील दोघा बंधूंनी पित्याच्या स्मरणार्थ ती बांधविली. युद्धामुळे थांबलेले काम पुन्हा सुरू होऊन १९२५ च्या जूनमध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. २१५ फूट उंचीच्या मनोऱ्याच्या या इमारतीत पॅच यांनी सुमारे चार वर्षे नळकाम केले. पुढे ते एका प्लंबिंग कंपनीच्या शाखेचे व्यवस्थापक झाले. दुसऱ्या महायुद्धात वयामुळे लष्करात जाण्याचा प्रश्न नव्हता. ते बाथच्या साहाय्यक अग्निशामक दलात काम करू लागले. १९४२ च्या एप्रिलअखेर जर्मन विमानांनी बाथवर लागोपाठ दोन रात्री बाँब टाकले आणि चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, तेव्हा ते त्या आगी विझवीत होते. त्यानंतर सॉमरसेटमधील स्ट्रीट या गावी त्यांनी स्वतःचा धंदा चालविला आणि १९६३ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तो सोडला.

या सर्व काळात युद्धाविषयी त्यांनी शब्द काढला नाही, पत्नीपाशीदेखील नाही. युद्धावरील चित्रपटही ते पाहत नसत. कोणी विचारले नाही म्हणून ते गप्प राहिले, असे मात्र समजता कामा नये. ते निवृत्त झाल्यानंतरच्याच वर्षी, १९६४ मध्ये, बीबीसीने महायुद्धावर सव्वीस भागांची मोठी चित्रमालिका प्रसारित केली आणि तीत अनेक वृद्ध सैनिकांच्या मुलाखती होत्या. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनेही १९७२ पासून ध्वनिमुद्रित आठवणींचा संग्रह सुरू केला. साक्षीदारांना हाका घातल्या जात होत्या आणि शेकडो जण पुढे येत होते. पॅच आले नाहीत.

मौन सुटले ते १९९८ साली, शंभरी पुरी झाली तेव्हा. वेल्समधील वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीसमोर चादरी ठेवण्याचे एक कपाट होते. रात्री तेथील दिवा एकदम लागे तेव्हा त्या उजेडाच्या झोताने तोफगोळा फुटल्याचा भास होऊन ते दचकत. ही हकीगत त्यांनीच सांगितली आहे. त्याच सुमारास बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी त्यांना विचारणा झाली. हयात सैनिकांची संख्या झपाट्याने घटत आहे हे त्यांना दिसत होते. ते बोलू लागले आणि मग मुलाखतींना खंड पडला नाही. २००७ साली रिचर्ड व्हॅन एम्डेन या इतिहासलेखकाच्या साह्याने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. प्रथम ग्रंथकार होण्याचे त्यांचे वय १०९ होते.

आता या साक्षीच्या प्रामाण्याचा प्रश्न. मराठी अभ्यासकांना तो अपरिचित नाही. पॅच यांचा जन्म झाला त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींचे कठोर परीक्षण केले. प्रसंगानंतर दीर्घ काळाने, स्मरणावर भिस्त ठेवून व ऐकणाऱ्याची आवड सांभाळून लिहिलेल्या वृत्तान्तापेक्षा त्या त्या दिवशीचे पत्र श्रेष्ठ, ही त्यांची कसोटी आपल्या इतिहाससंशोधनाने शिरोधार्य मानली. त्या कसोटीवर पॅच यांची साक्ष फारशी टिकणार नाही. ती ऐंशी वर्षांनंतरची आहे. प्रश्नकर्त्यांच्या अपेक्षांनी घडलेली आहे. शिवाय तेच तीन-चार प्रसंग जवळजवळ त्याच क्रमाने व त्याच शब्दांत पुन:पुन्हा येतात. मौखिक कथनाच्या अभ्यासकास ही स्थिरता परिचयाची आहे. पुन:पुन्हा सांगितलेली कथा घासून गुळगुळीत होते. ती खोटी ठरत नाही, पण केवळ न बदलल्यामुळे खरीही ठरत नाही.

तरीही राजवाड्यांची कसोटी येथे जशीच्या तशी लावणे गैर होईल. पलटणीच्या रोजनिशीवरून कोणत्या दिवशी पलटण कोठे होती, किती माणसे पडली, हे कळते. त्यासाठी पॅच यांच्याकडे जाण्याची गरज नाही. पाच माणसांनी आपसात केलेला करार मात्र कोणत्याही रोजनिशीत सापडणार नाही, कारण अधिकाऱ्यांना तो कळता तर तो गुन्हा ठरला असता. दोन्ही साधनांना विचारावयाचे प्रश्नच भिन्न आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बखरकार ऐकणाऱ्याला आवडेल ते सांगतो. पॅच यांच्या ऐकणाऱ्यांना शौर्य, त्याग व कृतज्ञता यांची अपेक्षा होती. त्यांनी सांगितले ते बूटचोराशी झालेली मारामारी, न मारलेला जर्मन आणि भीती. युद्ध म्हणजे संघटित खून, यापलीकडे त्यास दुसरे नाव नाही, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार समारंभांच्या यजमानांना अडचणीचेच होते. श्रोत्याच्या विरुद्ध जाणारी साक्ष अधिक जपून ऐकावी, हा न्यायालयातील सामान्य नियम इतिहासातही उपयोगी पडतो.

या ठिकाणी एका विषमतेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. सहाव्या पूना डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होत्या. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या हाती पडले आणि त्यांतील पुष्कळ कैदेत मरण पावले. कोकणातील व देशावरील कित्येक गावांत आजही एखादी लहानशी संगमरवरी पाटी आढळते : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके मृत्यू पावले. त्यावर नाव नसते. केवळ आकडा असतो. बर्लिननजीक व्यून्सडोर्फ येथील छावणीत विल्हेल्म डोगेन यांच्या जर्मन मंडळाने हिंदी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले हे खरे. परंतु तेथे मुख्य हेतू भाषांचे व बोलींचे नमुने गोळा करण्याचा होता, बोलणाऱ्याची हकीगत टिपण्याचा नव्हता. भाषाशास्त्राच्या सेवेत घडलेली ही गोष्ट त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी विसरू नये. कुतहून परतलेला शिपाई पेन्शन घेऊन गावी शेती करीत राहिला. ऐंशी वर्षे तर सोडाच, आठ वर्षांनीही त्याला विचारण्यास कोणी गेले नाही.

पॅच यांच्याकडे लोक गेले, आणि मानसन्मानांचा वर्षाव झाला. फ्रान्सने ‘लेजिओं द’ऑनर’ दिले, बेल्जमच्या राजाने लिओपोल्ड सन्मान दिला, राजकवी अँड्र्यू मोशन यांनी त्यांच्यावर कविता लिहिली. या सर्वांत ब्रिस्टल विद्यापीठाने २००५ साली दिलेली सन्माननीय एम.ए. ही पदवी वेगळी म्हटली पाहिजे. ज्या विद्यापीठाच्या वास्तूत त्यांनी ऐन तारुण्यात नळ बसविले त्याच विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, आणि डागडुजी पुरी झाल्यावर २००८ मध्ये त्या इमारतीच्या समारंभासही त्यांना बोलाविले. एवढ्या एका प्रसंगी त्यांच्या चार महिन्यांबरोबर चार वर्षांचेही स्मरण झाले.

राष्ट्रीय स्मृतिदिनाविषयी त्यांचे मत स्पष्ट होते. ११ नोव्हेंबरचा तो सोहळा त्यांना करमणुकीच्या धंद्यातला प्रकार वाटे. त्यांचा स्वतःचा स्मृतिदिन २२ सप्टेंबर होता आणि तो ते एकांतात पाळीत. तथापि नव्वदाव्या वर्षदिनी, ११ नोव्हेंबर २००८ रोजी, विमानदलाचे हेन्री ॲलिंगहॅम व नौदलाचे बिल स्टोन यांच्यासह ते लंडनच्या स्मारकापाशी चाकाच्या खुर्चीतून उपस्थित राहिले. यात विसंगती आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. समारंभावर टीका करावयाची आणि समारंभाच्या व्यासपीठावरूनच मृतांची आठवण द्यावयाची, याखेरीज त्यांच्यासमोर दुसरा मार्ग कदाचित नव्हता. आपल्या मनाजोगते स्मरण त्यांनी इतरत्र केले. २००४ साली बेल्जममध्ये त्यांनी शार्ल कुएंट्झ या १०७ वर्षांच्या आल्सेशियन गृहस्थांची भेट घेतली. हे गृहस्थ त्याच लढाईत जर्मन बाजूने होते. एकाने सॉमरसेटच्या सफरचंदी मद्याची बाटली आणली होती, दुसऱ्याने आल्सासची बिस्किटे. २००८ च्या सप्टेंबरात स्टीनबेकच्या काठी, जेथून त्यांची पलटण ओढा ओलांडून गेली होती तेथे, त्यांनी स्वखर्चाने उभारविलेल्या लहानशा स्मारकाचे अनावरण केले.

महायुद्धातील अखेरच्या ब्रिटिश सैनिकास राजकीय इतमामाने निरोप द्यावा, असा विचार पुढे आला होता. पॅच यांना तो नको होता. ६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये झालेल्या अंत्यविधीत शवपेटीबरोबर त्यांच्या जुन्या पलटणीच्या वारसदार रेजिमेंटचे शिपाई होते, तसेच बेल्जम, फ्रान्स व जर्मनी या तिन्ही देशांचे प्रत्येकी दोन शिपाईही चालले. त्यांच्या इच्छेनुसार कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते. समारंभाची तलवारदेखील आत नेऊ दिली नाही. नंतर मंक्टन कूम या जन्मगावाशेजारच्या खेड्यातील दफनभूमीत, आईवडील व बंधू यांच्या थडग्यांजवळ, त्यांना पुरण्यात आले.